ट्रॅक्टर उन्हात, मेथी सावलीत

निमगाव केतकीत ट्रॅक्टर उन्हात आणि मेथी सावलीत असं घर एकच. आमच्या शेजारच्या गोकुळकाकांचं. म्हणजे घर, ट्रॅक्टर आणि शेड काकांची. मेथी मालाकाकीची.

काकीचं पूर्ण नाव विजयमाला, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गावात कुणाला सवड नाही. लग्न होऊन आल्यापासून बाईनं ऊसच बघितला. खिडकीतून ऊस, परसातून ऊस, जेवताना गप्पाही उसाच्याच. यंदा तिनं भांडून विहिरीकडचा तुकडा मागून घेतला आणि मेथी टाकली. रडणाऱ्या पोराच्या हातात मोबाईल द्यावा, तसा काकांनी तो दिला.

मेथी आली, आणि काय आली! पण तशी ती सगळ्यांचीच आली होती. बाजारच्या दिवशी काकी जुड्यांची पाटी घेऊन बसली आणि पाटी भरलेलीच घेऊन उठली. वर शेजारच्या बाईनं ओझं नको म्हणून आपल्या दोन जुड्या हिच्याच पाटीत टाकल्या.

"फिटली हौस?" काका म्हणाले. "घाल शेरडांना. मी उसाचं बेणं सांगून ठेवतो."

"शेरडांना न्हाय घालायची. वाळवती मी. हिरवीगार वाळली तर वरीसभर कुणीबी घील."

"अन् पिवळी पडली तर?"

"तर लावा तुमचा ऊस."

"आणि हिरवी ऱ्हायली तर रान तुझं. जा!"

सासूबाई द्वारकाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी ऐकलंय दोगांचंबी. मागनं कुणी फिरायचं न्हाय."

आता वाळवण म्हटलं की आपल्या डोक्यात एकच गोष्ट येते, ऊन. कुरडया उन्हात, पापड उन्हात, मग मेथी काय जावई लागून गेली? काकीनं गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं आणि सगळ्या जुड्या निवडून पानं पसरली. मेथी वाळली खरी, पण रंग कडब्याचा. शेरडानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. काकांनी लगेच बेणंवाल्याला फोन लावला, तोही काकीला ऐकू जाईल अशा आवाजात.

काकी लुगडं गोळा करायला वर गेली, तेव्हा पाण्याच्या टाकीमागं, जिथं दिवसभर ऊन पोचत नाही, तिथं मूठभर पानं हिरवीच्या हिरवी वाळलेली दिसली. ती जिन्यातूनच ओरडली, "आत्याबाई, मेथीला ऊन न्हाय, वारं पायजे!"

निम्मी मेथी अजून रानात उभी होती, आणि ती वाळेपर्यंत पैज संपत नाही, असं द्वारकाबाईंनी ठरवून टाकलं. काकी कामाला लागली. आधी तिनं ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवून चौकट केली. वर जाळी ताणली, मेथी टाकली, तर मधोमध झोळ पडून तिचा पाळणाच झाला. द्वारकाबाई म्हणाल्या, "नाव काय ठिवायचं?" मग टोमॅटोला लावलेले बांबू आणले. चार चौकटी बांधल्या, शेडनेट ताणून सुतळीनं शिवलं आणि मधे वीतभर जागा सोडून एकीखाली एक अशा टांगल्या. टांगल्या कुठं? जिथं सावली आणि आरपार वारं दोन्ही मिळतं, अशी घरात एकच जागा होती. दोन बाजूंनी उघडी ट्रॅक्टरची शेड.

धूळ बसू नये म्हणून काकीनं भोवती सासूबाईंची मच्छरदाणी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई हात खाजवत बाहेर आल्या. "मला डासांनी फोडून काढली, पर मेथीला एकबी चावला न्हाय हां."

खरा गोंधळ पुढंच झाला. धुतलेल्या मेथीचं पाणी थेंब थेंब नेमकं ट्रॅक्टरच्या सीटवर गळत राहिलं. काका घाईत येऊन बसले, गावात गेले, हॉटेलवर चहा प्यायले. घरी आल्यावर त्यांना कळलं की लोक पाठीमागून का हसत होते.

"ह्या शेडीत एक तर मेथी ऱ्हाईल न्हायतर ट्रॅक्टर!"

काकीनं शांतपणे चावी त्यांच्या हातात दिली. "मंग काढा भाईर."

काका द्वारकाबाईंकडं बघायला लागले. त्या म्हणाल्या, "ट्रॅक्टर काय पिवळा पडतोय व्हय?"

ट्रॅक्टर बाहेर गेला. काका रोज त्याच्या सीटवर पोतं टाकायचे आणि शेडीकडं सवतीकडं बघावं तसं बघायचे. काकी सकाळ-संध्याकाळ पानं हलक्या हातानं वरखाली करायची, खालची चौकट वर, वरची खाली.

मग एका सकाळी तिनं चिमूटभर पानं तळहातावर चुरली, आणि वास आमच्या ओट्यापर्यंत आला. मी उठून गेलोच. काकाही आले. त्यांनी मूठभर मेथी उचलली. "सावलीत समदंच हिरवं दिसतं," म्हणत उन्हात नेली. उलटून बघितली, पालटून बघितली. हिरवी ती हिरवीच.

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. बेण्याची ट्रॉली.

"काका, कुठं उतरवू? विहिरीकडं ना?"

काकांनी हातातली मेथी पुन्हा एकदा उलटून बघितली. काकीनं मच्छरदाणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. द्वारकाबाईंनी नुसता घसा खाकरला.

"माघारी ने," काका म्हणाले.

"आवो, तुमीच फोन केल्ता!"

"मीच केल्ता, मीच सांगतोय. तितं ऊस न्हाय लावायचा. ते रान हिचं हाय."

काकीच्या हातातलं टोक सुटलं. तिनं पदरानं डोळे पुसले, कचरा गेला म्हणाली. मग ड्रायव्हरला मेथीची एक पुडी बांधून दिली, "मालकिणीला दे, डाळीत टाक म्हणावं." आणि ट्रॉली वळायच्या आत काकांकडं वळली.

"आवं, बांबू आणा अजून. बाकीची मेथीबी काढायची हाय, कोथिंबीरबी लावती आता. ह्या बारीला आठ मजले करायचे."

"अगं, मग ट्रॅक्टर भाईरच? अन् मी कुठं बसू?"

"पोतं टाकलंय की सीटवर," काकी म्हणाली, आणि विळा घेऊन आपल्या रानाकडं निघाली.