बकरीला टोपी कोणी घातली

मुलगी दुसरीत गेली तरी मराठीचं एक पान सलग वाचत नव्हती. शाळा इंग्रजी, आणि मी चाकणला, कधी पहिल्या पाळीला, कधी दुसऱ्या. कंपनीची सुट्टी गुरुवारी, म्हणजे नेमकी तिच्या शाळेच्या दिवशी. तिला घेऊन बसणं माझ्याच्यानं होत नाही, ही टोचणी कामावरही सोडत नव्हती.

म्हणून मोबाइलवर गोष्टींचं एक फुकट ॲप शोधलं. एकच गोष्ट मराठीत, हिंदीत, उर्दूत, ओडियात, चित्रं तीच. गोष्ट संपली की चांदणी मिळायची, आणि एखादा दिवस चुकला की चांदण्यांची माळ तुटायची. मला ते इतकं आवडलं, की खालच्या मजल्यावरच्या गॅरेजवाल्या भाईंनाही घ्यायला लावलं. त्यांची मुलगी आमच्या लेकीच्याच वयाची.

बायकोच्या आणि माझ्या मोबाइलवर खातं एकच होतं. एका दुपारी कंपनीच्या बसमध्ये पाहिलं, तर आज पोरीनं ॲप उघडलंच नव्हतं. ॲप वापरणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर बाकीच्यांच्या लांबलचक माळा येत होत्या. मी लाइनवर टार्गेट सांभाळणारा माणूस; मला राहवेना. आवाज बंद केला आणि पानं भराभर सरकवली. चांदणी आली. मग ती सवयच झाली.

शेजारचा सहकारी डोकावला. "काय राव, या वयात गेम?"

"पोरीचं वाचन चाललंय."

"तिचं वाचन तुम्ही करा, आणि तुमची ड्युटी तिला करू द्या. बघू कोण दमतंय!"

मी हसलो. पण त्यानंतर मोबाइल खिडकीकडे वळवून धरायला लागलो.

परवा रविवारी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मी घरी होतो. भाईंची मुलगी, लेकीची मैत्रीण, वर आली होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "चला, कोणती गोष्ट वाचायची?"

लेक म्हणाली, "माझ्या गोष्टी आधीच संपलेल्या असतात, पप्पा. उघडलं की शेवटचंच पान येतं." तिनं दाखवलं. शिंप्याच्या दुकानात बकरी उभी, डोक्यावर टोपी, सगळे हसतायत. "बकरीला टोपी कोणी घातली?"

ती गोष्ट मीच बसमध्ये संपवली होती.

"टेलर की अम्मी ने," मैत्रीण म्हणाली. तिनं ती उर्दूत ऐकली होती. "बकरी को ठंड लग रही थी."

"मला हिच्याकडूनच कळतं मधलं," लेक म्हणाली. "आमच्या मोबाइलमध्ये मधलं नसतंच."

मधलं होतं, पण ते मीच गिळत होतो. "ती पानं मी सरकवत होतो, बाळा," मी म्हणालो. "बसमध्ये. न वाचताच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग कशाला?"

मी सेटिंगमध्ये जाऊन सगळं पहिल्यापासून करायचं बटण शोधलं. सगळ्या चांदण्या जातील, असं ॲपनं दोनदा बजावलं. दुसऱ्या वेळी माझा अंगठा थांबला, हे खरं आहे. लेकीनंच पुढे होऊन दाबलं.

मग ती वाचायला लागली. बोट ठेवून, अडखळत. जोडाक्षर आलं की थांबायची, आणि मैत्रीण चित्राकडे बघून पुढचं हिंदीत सांगून टाकायची. "तू गप गं, मला वाचू दे!" ही तिच्यावर ओरडायची. मला मात्र शब्द तोंडात भरवावेसे वाटत होते. घड्याळाकडे नजर जात होती. बकरी दुकानात शिरली तोवर माझी निघायची वेळ झाली.

"पप्पा, पुढं सरकवू नका हं."

बसमध्ये हात सारखा खिशाकडे जात होता. आजची चांदणी आली नसणार. सहकारी म्हणाला, "काय भावा, आज वाचन नाही?" मी मोबाइल त्याच्याच हातात दिला. "चाकण येईपर्यंत देऊ नका."

चहाच्या सुट्टीत घरून फोन आला. "पप्पा, सरकवलंत?"

"नाही."

"मग ऐका," ती म्हणाली आणि अडखळत वाचायला लागली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा बकरी कात्रीपाशी होती. टोपी अजून लांब होती.