करंगळीएवढ्या धारेकाठी

मिरजेहून छोटी गाडी हलली तेव्हा आमच्या डब्यात दोन तंबू होते, एक लोखंडी चूल होती (लढाईमुळे रॉकेल मिळेना, म्हणून स्टोव्ह घरीच ठेवला), आणि आम्ही तिघे होतो: हे, माझ्या थोरल्या वन्सं आणि मी. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "धड घरदार असताना उघड्यावर झोपायला जायचं, हे काय खूळ!" तंबू यांनी आपल्या शाळेतून मागून आणले होते. बाकी सगळा बेत माझा.

त्याला कारणही तसेच होते. माझे माहेर निजामाच्या मुलखातले, उस्मानाबादकडचे. सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्या माझ्या सासरच्यांना तो मुलूख म्हणजे नुसता फुफाटा. वन्सं माहेरपणाला आल्या की जेवताना हमखास विचारायच्या, "वहिनी, तुमच्याकडे पाणी भांड्यानं पितात की चमच्यानं?" सात वर्षे मी ऐकून घेतले. एकदा मात्र ठसक्यात बोलून गेले, "आमच्या बालाघाटच्या डोंगरात चैत्रातसुद्धा जिवंत झरे वाहतात. चला, तिथं चार दिवस तंबू ठोकून राहू!" झाले. हे लगेच पंचांग काढून बसले.

मी मावशीला पत्र टाकले. तिचे गाव येडशीपासून दोन कोसांवर, डोंगराच्या घळीत. कुणाकडून तरी लिहवून घेतलेले तिचे उत्तर आले. झरा चालू आहे, जरूर या. पुढे एक ओळ होती: पाणी बेताचे आहे, कुंडातले फक्त प्यायचे, अंघोळ-धुणे खालच्या डोहावर करायचे, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेव. पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले आणि ती ओळ तेवढी गिळली. "पाणी बेताचे" हे शब्द वन्संसमोर माझ्या तोंडून निघणे शक्यच नव्हते.

बार्शी सोडल्यावर सरहद्दीशी करोडगिरीचे (जकातीचे) शिपाई डब्यात चढले. त्यांच्या जमादाराने तंबूच्या वळकटीवर काठी टेकवली.

"ये क्या है?"

"तंबू. डोंगर में रहने के वास्ते," हे म्हणाले.

"घर नहीं क्या तुमकू?"

"है."

"फिर कायकू?"

मी पुढे होऊन सांगितले, इथला झरा बघायला सांगलीहून आलो आहोत. जमादार हसला. "हमारा पानी देखने कू इत्ते दूर से आए? वा!" त्याने वळकटीवर खडूने खूण केली आणि तो उतरला. त्या "वा"ने माझी मान चांगली चार बोटे उंच झाली.

येडशीला मावशीची बैलगाडी आली होती. वाटेत दोन्ही बाजूंना उघडी माळराने, पाने झडलेली सलईची झाडे, तापलेला दगड. वन्सं पदराने वारा घेत एकेक उघडा माळ निरखत होत्या, आणि ते त्यांच्या टोमण्यांपेक्षा जड जात होते. मग गाडी घळीत उतरली आणि एकाएकी सावली आली. उंबर, करंज, जांभळी, आंबे, महादेवाचे लहानसे देऊळ आणि त्यापुढे चिरेबंदी कुंड. वरच्या खडकाच्या भेगेतून धार पडत होती, करंगळीएवढी. कुंड भरले की वरचे पाणी खालच्या डोहात जायचे आणि पावसाळ्यात तिथूनच वगळ (छोटा ओढा) तेरणा नदीकडे धावायची.

"एवढीच?" वन्सं म्हणाल्या.

"बारा महिने चालते," मी म्हणाले.

आंब्याखाली तंबू उभे राहिले. मावशी डोक्यावर पाटी घेऊन आली. ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी आणि हुलग्याचे कोरड्यास (भाकरीबरोबरचे कालवण). वन्संनी ते दोनदा मागून घेतले. जाताना मावशीने मला बाजूला घेऊन विचारले, "पाव्हण्यास्नी पाण्याचं सांगितलंस न्हवं?" मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरड्याने जाग आली. धावत गेले तर वन्सं कुंडाच्या दुसऱ्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या, मोकळ्या केसांना साबण लावलेला आणि पाण्यावर पांढरा फेस पसरलेला. त्यांची तरी काय चूक? जन्म कृष्णेच्या घाटावर गेलेला. तिथे पायरी उतरायची, बुडी मारायची, साबण नदी घेऊन जाते. इथे पाणी कुठे जाणार?

काठावर रिकाम्या घागरी घेऊन बायका थिजल्यासारख्या उभ्या होत्या. गावातल्या प्रत्येक घराकडे एकेक दिवस कुंडाची राखण असते. त्या दिवशीची पाळी भागाबाईंची होती.

"अवो बाई, ह्ये काय केलंत! प्यायाचं पाणी हाय त्ये. गावातल्या हिरी माघातच आटल्यात. आता सारं कुंड उपसावं लागंल. सांजपस्तोर कुनाची घागर न्हाय भरायची!"

वन्संचे तोंड पांढरेफटक पडले. साबण डोळ्यात जात होता, तोही त्यांनी पुसला नाही. मावशी मध्ये पडली. "जाऊ द्या भागाबाई, शहरातल्या हायत. त्यास्नी काय ठावं?"

बायकांनी ते मानलेही. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळले नसते. वन्संनी पुन्हा जन्मात माझ्या माहेराचे नाव काढले नसते. खोटे कशाला बोलू, क्षणभर मला मोह पडला. पण त्यांच्याकडे पाहवेना.

"चूक यांची न्हाय," मी म्हणाले. माहेरची भाषा आपोआप तोंडात आली. "मावशीनं पत्रात लिवलं व्हतं. म्याच सांगितलं न्हाय. पाणी कमी हाय म्हणायची लाज वाटली मला."

भागाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "लाज? आख्खं गाव जगतंय ह्या पाण्यावर. कशाची लाज वाटली गं तुला? खोच पदर आन् धर बादली."

मग दुपारपर्यंत आम्ही कुंड उपसत होतो. हे धोतर खोचून गाळात उभे राहिले, मी मधल्या पायरीवर आणि पुढे गावातल्या बायामाणसांची रांग. उपसलेला एक थेंबही वाया गेला नाही, सगळे पाणी आंब्याच्या आळ्यांत गेले. वन्सं तशाच चिकट केसांनी बसून नारळाच्या शेंडीने एकेक चिरा घासत होत्या. त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्या दिवशी गावाने कालचे उरलेले पाणी पुरवून वापरले आणि त्यातला एक तांब्या आमच्या तंबूतही आला.

तिसऱ्या प्रहरी तळ स्वच्छ झाला. मग सगळे नुसते बसून राहिलो, त्या बारीक धारेकडे बघत. पायरीवर पाणी चढायला लागले तसे लोकांनी आपापल्या घागरी ओळीने मांडल्या. बाळंतीण असलेल्या घराची घागर न बोलता सर्वांत पुढे गेली. ढकलाढकल नाही, मोठा आवाज नाही. लहानपणी मावशीकडे हे सगळे मी पाहिले होते, पण मला ते कधी दिसलेच नव्हते. आमच्या माणसांचा मला अभिमान वाटला.

भागाबाईंनी पहिला तांब्या भरला आणि वन्संपुढे धरला. "घ्या. घासलंय तुमी."

वन्संनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. त्या सावकाश प्यायल्या, तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही.

उरलेले दोन दिवस आम्ही डोहावर अंघोळी केल्या, घळीत भटकलो, जांभळीखाली झोपा काढल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या तंबूकडे राखणीची पाळी आली. मागून घेतली होती वन्संनीच. हातात काठी घेऊन दिवसभर त्या कुंडाच्या काठावर अशा बसल्या होत्या की बैलांनीसुद्धा लांबून वाट काढली.

सांगलीला पोहोचलो तेव्हा ओसरीवर शेजारच्या दोघीतिघी सासूबाईंजवळ बसल्या होत्या. चपला काढायच्या आत सासूबाईंनी विचारले, "मग? होतं का गं पाणी तुमच्या मुलखात?"

वन्संनी माझ्याकडे पाहिले आणि मला पुढे केले. बोलायचे त्यांनी माझ्यावर सोडले होते.

"थोडं आहे," मी ताठ मानेने म्हणाले. "साऱ्या गावाला पुरतं."