डोळे झाकून लावलेला बांबू

बेटमावशी म्हणून तिला अख्खी गल्ली ओळखायची. घरामागे तिने वाढवलेलं बांबूचं बेट एवढं दाट, की मांजरालाही आडवं जायला वाट नव्हती. गाव कोरडं, उन्हात भाजून निघणारं. पण मावशीने बेटाच्या बुडाशी पाचोळ्याची जाड गादी घालून ओल धरून ठेवली होती. याच बेटातलं कांडं समुद्रकाठच्या वहिनीने नेलं, तर तिथल्या दमट हवेत त्याने अंगण गिळायला घेतलं. "वन्सं, आता हा थांबवायचा कसा तेवढं सांगा," असा वहिनीचा फोन यायचा. मावशी खूश व्हायची. बांबूतलं आपल्याला कळतं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गुडघे कुरकुरायला लागले तशी लेक मागे लागली, आता माझ्याकडेच राहायला ये. लेकीचं घर डोंगरावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत.

"तुमच्याकडे माझा बांबू जगला, तर मीही जगेन," मावशी म्हणाली आणि ओल्या गोणपाटात कांडी गुंडाळून पाठवून दिली.

बोलली तोऱ्यात, पण जायचं तिलाही होतं. एकटीपुरतं रांधून एकटीनेच जेवायचा तिला वीट आला होता. फक्त लेकीच्या घरी पाहुणी म्हणून तिला राहायचं नव्हतं. आपलं काहीतरी तिथे आधी रुजायला हवं होतं.

काही आठवड्यांनी लेकीचा फोन आला. आवाज रडवेला.

"सगळी वाळली, आई. तुला यायचंच नव्हतं ना? म्हणून मेलेली कांडी पाठवलीस."

"मेलेली? माझ्या बेटातली?" मावशीचा पारा चढला. "लावलीस कशी ते सांग आधी."

"तू सांगितलंस तशी! डोळे झाकून लाव म्हणालीस. दिली कुंपणापाशी उभी खोचून."

मावशीने कपाळावर हात मारला. बांबूच्या पेरावर कोंब फुटायची जागा असते, त्या जागेला मावशी डोळा म्हणायची. कांडं आडवं ठेवायचं आणि ते डोळे मातीने झाकायचे, एवढंच तिने सांगितलं होतं. लेकीने ऐकलं ते भलतंच. उलगडा झाल्यावर दोघी पोट धरून हसल्या. पण फोन ठेवल्यावर 'यायचंच नव्हतं ना' हे मावशीला आत कुठेतरी लागून राहिलं.

थंडी ओसरल्यावर ती स्वतःच कांडी घेऊन निघाली. उन्हाळ्याअखेरचं परतीचं तिकीटही काढलं होतं. अट ती अट.

"कुंपणापाशी नको," तिने जावयाला बजावलं. "तिथला वारा माणसाला सोलून काढतो, बांबूला काय सोडणार?" दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगत मोठी कुंडी ठेवली. कांडी आडवी निजवली, वर दोन बोटं माती. "हा गरम हवेतला गडी आहे. थंडी पडली की कुंडी घरात घ्यायची. त्याला नियम शिकवत बसू नका, आपणच जरा वाकायचं."

कोंब वर आला, पान उलगडलं. लेक नाचायचीच बाकी राहिली. "जगला, आई!"

"पानाला भुलू नकोस. अंगातल्या ओलीवरसुद्धा कांडं पान काढतं. मूळ धरेल तेव्हा खरं."

बघता बघता निघायचा दिवस उद्यावर आला. मावशी कुंडीपाशी जाऊन बसली. कोंब चिमटीत धरून हलकेच ओढायचा. नुसता निघून आला तर मूळ नाही. हे तिने आयुष्यभर हसतखेळत केलं होतं. आज हात पुढे होईना. तिला चक्क भीती वाटत होती.

"तूच बघ," ती लेकीला म्हणाली.

लेकीने ओढला. कोंब जागचा हलला नाही. तिने जरा जोर लावून पुन्हा ओढला.

"अगं पुरे, उपटतेस की काय!"

लेक मातीच्या हातांनीच आईकडे वळली. "परतीचं तिकीट रद्द करू?"

मावशीने नाक ओढलं.

"डोळे झाकून कर."