सुरीची रेघ

रुखसाना बाजी खुर्चीत बसल्या की आधी पडद्यावरचे सगळे रंग घालवत. आम्हा बाकीच्यांच्या पडद्यावर जांभळे, पोपटी, नारिंगी ठिपके झळकत असायचे. त्यांच्या पडद्यावर नुसता करडा चिखल. तो बराच वेळ बघून झाला की मग रंग परत आणायचे आणि म्हणायचं, "आता पाहू, या मशीननं काय दिवे लावले."

बुलढाण्यात एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. उंदराच्या मेंदूचे अतिशय पातळ काप करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले फोटो आमच्याकडे येत. त्यातली एकेक पेशी ओळखून तिला वेगळा रंग देण्याचं काम संगणकच करी. तो कुठे चुकला हे शोधणं आमचं काम. मी जवळच्याच उंद्रीचा, संगणकाची पदवी घेतलेला, गटाचा प्रमुख. रुखसानांना आम्ही सगळे बाजी, म्हणजे ताई, म्हणायचो; त्या देऊळघाटहून बसने येत. पन्नाशीच्या, सडसडीत, कपाळाला कायम आठी. पूर्वी त्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. वीस वर्षं त्यांनी असे काप स्वतःच्या हाताने केले होते.

आम्ही एकमेकांचं काम पुन्हा तपासत असू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मी तपासलेलं काम परत पाठवलं. मी कारण विचारायला गेलो तर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "काऊन बे नित्या, डोळे घरी ठेवून येतं का? या एका पेशीचे दोन तुकडे केले त्यानं, अन् तू पास करून राह्यला."

"बाजी, मध्ये कड दिसते ना स्पष्ट."

"कड नाही ते. सुरीची रेघ हाये. काप करताना सुरीचा दात लागला. पेशीची कड कधी अशी सरळ राह्यते का? सरळ दिसलं का समजावं, माणसाच्या हातचं हाये."

सगळे हसले. मला ते लागलं. मी म्हणालो, "काचेच्या नळ्या धुणं वेगळं आणि हे वेगळं, बाजी." त्या दिवसापासून आमच्यात कामापुरतंही सरळ बोलणं उरलं नाही. मी जिन्यात दिसलो की त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. मी पास केलेलं त्या उघडत, त्यांनी खोडलेलं मी पुन्हा संगणकाच्या बाजूने लावून देई. त्याला चूकदुरुस्ती म्हणत नाहीत, सूड म्हणतात. हे मला तेव्हाही कळत होतं.

शेवटी आमच्या वादाच्या जागा फोटो पाठवणाऱ्या प्रयोगशाळेकडे तपासायला गेल्या. उत्तर माझ्या नावे आलं. एक जागा सोडली तर सगळीकडे बाजी बरोबर होत्या. त्याच आठवड्यात पुण्याहून मोठे साहेब आले. काम मंद चाललंय, कोणाला कमी करता येईल, असं त्यांनी विचारलं. मी लिहून दिलं की बाजी संगणकाचं बरोबर असलेलं कामही खोडतात आणि त्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो. ते उत्तराचं पत्र मी जोडलं नाही.

बाजींना कामावरून काढलं. जाताना त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. "हे तू केलं का?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

"तोंडावर खोटं बोलतं तू. मशीन तरी तसं करत नाही."

सहा महिन्यांनी संगणकाची नवी आवृत्ती आली. सुरीच्या रेघेवर ती आता फसत नव्हती. बाजींनी खोडलेल्या आणि प्रयोगशाळेने बरोबर ठरवलेल्या शेकडो जागांवरूनच ती शिकली होती. साहेबांनी फोनवर माझं अभिनंदन केलं. मी "थँक यू सर" म्हणालो, पण फोन ठेवल्यावर प्रयोगशाळेचं ते पत्र काढून पुन्हा वाचलं. रविवारी पत्राची प्रत घेऊन देऊळघाटला गेलो.

बाजी अंगणात जावेबरोबर मेथी निवडत होत्या. मला "बस" म्हणाल्या नाहीत. चष्मा लावून पत्र वाचलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

"म्हणजे मले काढलं तवा हे तुह्याजवळ होतं?"

"हो."

"मंग मले काऊन दाखवतं? मी बरोबर होते, हे मले माहीतच हाये. ज्याइले माहीत नाही त्याइले वाचून दाखव." पत्र माझ्या पायाशी टाकून त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या.

सोमवारी मी ते सगळ्यांसमोर वाचलं. पुण्यालाही पाठवलं. साहेब खूप बोलले, माझं प्रमुखपद काढून घेतलं आणि बाजींना परत बोलावणं धाडलं. त्यांचा निरोप आला: "नित्या त्या खोलीत बसते तोवर मी पायरी चढणार नाही."

साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी राजीनामा लिहिला, दोनदा लिहिला. दिला मात्र नाही. बाजी आल्या नाहीत. मी अजून त्याच खोलीत बसतो.