फोन कुणाला करायचा?

आमच्या रुग्णालयातले संगणक सांभाळणाऱ्या सरांनी ते सुरुवातीपासून फुकटच्या प्रणालीवर चालवले होते. सोलापुरातलं हे धर्मादाय रुग्णालय. वळसंग, मैंदर्गी, पार माळशिरसपासून माणसं येतात. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, रक्तपेढीच्या नोंदी, सगळं एकाच सर्व्हरवर. त्यावर लिनक्स या प्रणालीची जी आवृत्ती होती, ती जगभरातली माणसं हौसेनं सांभाळायची. तिचीच एक विकतची बहीण होती, कंपनीची. आतून दोघी जवळजवळ सारख्याच. विकतच्या आवृत्तीबरोबर एक फोन नंबर मिळायचा, एवढाच मोठा फरक. काही अडलं की तिकडचं माणूस सोडवून द्यायचं.

"आपल्याला नंबर कशाला?" सर म्हणायचे. "मी आहे की."

सर शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातले. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाशी दखनी. डिप्लोमा करून ते रुग्णालयात लागले तेव्हा इथं संगणक म्हणजे टाइपरायटरचा धाकटा भाऊ होता. पुढचं सगळं ते फोरमवर शिकले. फोरम म्हणजे इंटरनेटवरचा कट्टा. कुणीही अडचण लिहायची, ज्याला उत्तर माहीत असेल त्यानं द्यायचं. अनोळखी माणसांनी सरांना तिथं बोट धरून चालवलं होतं. म्हणून मग तेही दर रविवारी जेवण झालं की टोपणनावानं इतरांना उत्तरं लिहीत बसायचे. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, वैतागायच्या. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांनी मला आधी उत्तरं शोधायला शिकवलं आणि मग प्रश्न नीट विचारायला.

मग एके दिवशी बातमी आली, की आमची आवृत्ती बंद होणार. चालू सर्व्हर लगेच बंद पडणार नव्हता, पण नव्या दुरुस्त्या येणार नव्हत्या, आणि रुग्णांची माहिती अशा उघड्या घरात ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. वाटा दोनच होत्या. एक तर त्याच हौशी लोकांनी उभ्या केलेल्या दुसऱ्या फुकटच्या आवृत्तीवर जायचं, नाहीतर विकतची घ्यायची. माझ्या मनात शंकाच नव्हती. मी जुन्या संगणकावर नवी फुकटची आवृत्ती घालून आमचं सगळं काम तिच्यावर चालवूनही पाहिलं. सर मागे उभे राहून बघायचे. बरं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. मला ते चमत्कारिक वाटलं, पण उन्हाळा सोसत नसेल त्यांना, अशी मी समजूत घातली.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी लाईट गेली, आली, आणि सर्व्हर उठेना. काळ्या पडद्यावर एकच ओळ अडकून बसलेली. बाहेर बाह्यरुग्ण विभाग भरलेला. वळसंगचे एक आजोबा दारातून वाकून विचारत होते, "ताई, आमचा रिपोर्ट हाय का न्हाय? हितंच तर रगत दिलंया की काल."

"जरा थांबा आजोबा, मशीन बंद आहे," मी म्हणाले.

सर कीबोर्डसमोर बसले होते. हात मांडीवर.

"सर, काय करायचं?"

"बघतो," म्हणाले. पण हात हलले नाहीत.

शेवटी मी मोबाईलवर ती ओळ जशीच्या तशी टाकून शोधली. फोरमवरचं एक जुनं उत्तर सापडलं. ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"बरोबर सांगतोय हा माणूस," ते म्हणाले. "हुशार दिसतोय. असंच कर."

उत्तराखाली सरांचंच टोपणनाव होतं. मला हसू फुटलं. एवढ्या गडबडीतही यांना गंमत सुचते, असं वाटलं. ते हसले नाहीत. मी उत्तरात लिहिलं होतं तसं केलं, सर्व्हर उठला, आजोबांना रिपोर्ट मिळाला.

त्यानंतर विश्वस्तांची बैठक झाली. मी फुकटच्या आवृत्तीची बाजू मांडली. जीव तोडून मांडली. मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "परवासारखं पुन्हा झालं, तर आम्ही फोन कुणाला करायचा?"

"सर आहेत की," मी म्हणाले.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी समोरचा पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सरकवला.

"विकतची घ्या, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "फुकटची वाईट नाही. माझं सगळं आयुष्य तिच्यावर गेलं. पण तिला घरात एक जाणतं माणूस लागतं. ते माणूस आता तुमच्याकडे राहणार नाही."

"म्हणजे? तुम्ही सोडून चाललात?"

"तसंच समजा."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. बैठक संपल्यावर जिन्यात मी त्यांना गाठलं. "मी कुणी नाही का सर? एवढी वर्षं मला काय शिकवलंत मग?"

"तू आहेस," ते म्हणाले. "पण एकटी आहेस. मी एकटा राहून बघितलंय. पोरीच्या लग्नात अक्षता पडत होत्या आणि मी मांडवाच्या मागे फोनवर कुणाला तरी कमांड सांगत होतो. तुझं तसं नको व्हायला."

मी तरी भांडतच राहिले. फोरम आहे, एवढी माणसं आहेत, असं काय काय बोलले. ते कठड्याला धरून उभे राहिले.

"त्या दिवशी मी गंमत करत नव्हतो गं."

"कुठल्या दिवशी?"

"ते उत्तर तू वाचलंस ना. ते मीच लिहिलंय हे मला आठवलं नाही. तू हसलीस तेव्हा नाव बघितलं." मग हळूच म्हणाले, "पुण्याला दाखवून आलोय. हळूहळू सगळंच जाणार म्हणतात. घरी तुझ्या काकूंना तेवढं माहीत आहे."

जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती. आम्ही भिंतीला सरकून त्यांना वाट देत राहिलो.

विकतची आवृत्ती आली. बदलाच्या दिवशी सर माझ्या शेजारी स्टुलावर बसून होते. कंपनीचा माणूस फोनवर होता, फार सौजन्यानं बोलणारा. एके ठिकाणी गाडी अडली. त्यानं तक्रारीचा क्रमांक दिला, थोड्या वेळात त्याचा फोन आला आणि अडलेलं सुटलं. सर म्हणाले, "बघ, आलं की नाही." त्यांना खरंच समाधान वाटलं होतं. मला मात्र त्या माणसाच्या प्रत्येक बरोबर उत्तराचा राग येत होता. तो चुकला असता तर बरं वाटलं असतं.

सरांनी निरोप समारंभ करू दिला नाही. मी लावून पाहिलेली फुकटची आवृत्ती त्या जुन्या संगणकावर तशीच होती. भंगारात देताना मी ती पुसून टाकली. त्यानंतर सर्व्हर कधी बंद पडला नाही असं नाही, पण पडला की मी फोन करते, क्रमांक घेते, वाट बघते. काम होतं. माझ्या सुट्ट्या मला मिळतात. फोरमवर मात्र जाणं सुटलं.

सर गेल्या महिन्यात रुग्णालयात दिसले. मेंदूच्या डॉक्टरांकडे काकू त्यांना घेऊन आल्या होत्या. खिडकीवरच्या नव्या मुलीनं त्यांना ओळखलं नाही. नाव विचारलं, टाइप केलं, केसपेपर काढून दिला. काकू औषधांचं विचारायला गेल्या तेव्हा मी बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बोटानं वर उचलून पाहिलं.

"तुम्ही इथंच कामाला का?" त्यांनी मला विचारलं. मला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"हो."

"काम बरं आहे?"

"बरं आहे," मी म्हणाले.

"मग झालं," ते म्हणाले आणि समोरच्या पंख्याकडे बघत राहिले. आतून नंबर पुकारला गेला. काकूंनी येऊन त्यांचा हात धरला आणि "नडा," म्हणाल्या, तेलुगूत, चला म्हणून. ते उठून त्यांच्याबरोबर गेले.