चौघांची खुर्ची

तुम्ही शेवटचं माणूस कधी उचललंत? प्रार्थनेत नव्हे हो, प्रार्थनेत आपण सगळेच पैलवान. हातांनी. त्याचा घाम आपल्या इस्त्रीच्या शर्टाला लागेल इतकं जवळ जाऊन, कधी उचललंत? आठवत नसेल तर लाजू नका. ज्या मंडळीची ही गोष्ट आहे तिथंही बहुतेकांना आठवत नव्हतं, आणि तरी तिथल्या चर्चमध्ये फळांनी लगडलेलं झाड उभं होतं. त्या झाडाकडं येऊच. आधी कपाट.

त्या माणसाला सगळे कपाट म्हणत. बाप्तिस्म्याच्या वेळी डोक्यावर पाणी घालून रीतसर ठेवलेलं नाव त्यालाही होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यानं वळूनही पाहिलं नसतं. घरसामान हलवणं हा त्याचा धंदा. फ्रीज, दिवाण, शोकेस आणि लोखंडी कपाटं. जिन्याच्या वळणावर जिथं चार गडी एकमेकांच्या आयामायांचा उद्धार करत अडकून पडत, तिथं हा पाठीवर रुंद पट्टा टाकी, गुडघ्यांत वाके आणि एकटाच कपाट घेऊन वर जाई. वर ते असं टेकवी, की खालच्या मजल्यावर झोपलेल्याची कूसही बदलू नये.

असा माणूस मंडळीत असला की मंडळीचं भलं होतं. बाकं हलवायची आहेत? कपाट. पाण्याची टाकी गच्चीवर चढवायचीय? कपाट. कुणी वारलं, शवपेटी जड आहे? कपाट आहेच की. एकमेकांची ओझी उचला, हे वचन त्या मंडळीला फार प्रिय होतं. सगळ्यांची ओझी एकजण उचलत होता, त्यामुळं वचन पाळलं जात होतं आणि कुणाची कंबरही दुखत नव्हती.

आणि होत्या बाई. चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्या. निम्म्या मंडळीला त्यांनी लहानपणी कान धरून सूर दाखवला होता. उरलेल्या निम्म्यांचे नुसतेच कान धरले होते. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. घरात एकट्या. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. "आठवडाभर मी भिंतीशी बोलते," त्या म्हणत. "रविवारी तरी माणसांशी बोलू द्या. फरक फार नाही, पण माणसं गातात."

अडचण एकच. चर्च होतं उंच चौथऱ्यावर. बांधणाऱ्यांना वाटलं असावं, देव वर राहतो, तर भेटायला येणाऱ्याला जरा धाप लागू दे. पायऱ्यांच्या कडेनं उतार बांधावा, हा विषय कमिटीच्या प्रत्येक बैठकीत निघे आणि दर्शनी भागाची शोभा जाईल म्हणून प्रत्येक बैठकीत पुढं ढकलला जाई. शोभा शाबूत होती. बाई खाली होत्या.

मग सुतारानं एका जुन्या हातांच्या खुर्चीला चार दांडे बसवून दिले, दोन पुढं, दोन मागं. चौघांनी धरायचं आणि बाईंना वर न्यायचं. पहिल्या रविवारी दांडा धरण्यासाठी रेटारेटी झाली. चर्चच्या पाळकांनी त्यावर सुंदर प्रवचनही केलं. पुढं एकाचं मनगट दुखायला लागलं, एकाला माइक लावायचा असे. शेवटी उरले कपाट आणि नळवाला. नळवाला मनाचा चांगला, पण घाईचा, आणि चालायचा तिरका. एकदा खुर्ची कलली. बाईंच्या तोंडून स्तोत्राऐवजी भलतंच काही निघालं.

कपाट म्हणाला, "तू नळ बघ बाबा. हे माझ्यावर सोड."

"अरे, पुढच्या वेळी सरळ धरतो ना."

"तू नळसुद्धा तिरके बसवतोस."

त्याच आठवड्यात कपाटानं करवत घेऊन चारही दांडे उडवले आणि खुर्चीला आपला पट्टा लावला. चौघांची खुर्ची एकट्याची झाली. आता तो बाईंना पाठीवर घेऊन चढे. बाई उलट्या तोंडानं रस्त्याकडं बघत वर जात.

"बाई, अंग सैल सोडा. ताठ झालात की जड होता."

"जन्मभर ताठच राहिले रे. आता सैल व्हायला शिकवतोस?"

दाराशी उभे असलेले लोक म्हणत, काय ताकद आहे हो या माणसाची. कपाट ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण ऐकी.

आता ते झाड. मंडळीचे खजिनदार चष्मेवाले. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. फळ देणारं जीवन हा त्या वर्षीचा विषय, म्हणून त्यांनी भल्यामोठ्या प्लायवूडवर झाड रंगवून घेतलं. सत्कर्म केलं की ते कागदी फळावर लिहायचं आणि झाडाला चिकटवायचं. मंडळी कामाला लागली. कुणी लिहिलं, शेजाऱ्याला क्षमा केली; शेजारी वारून काळ लोटला होता. एकानं 'नम्र राहिलो' असं लिहून खाली ठसठशीत सही ठोकली होती.

एका रविवारी कपाट बाईंना वर आणून पट्टा सोडत होता. चष्मेवाले जवळ आले. "कपाटभाऊ, झाडावर तुमचं एकही फळ दिसत नाही."

"दुकान तुमचंच आहे," कपाट धापा टाकत म्हणाला. "एकदा स्वतःचा नंबर तपासून घ्या."

"अरे, त्याचं फळ मी," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "चिकटव मला तिथं."

चष्मेवाले हसले. हसण्यावारी न्यायची कला खजिनदाराला यावीच लागते.

पुढं बाहेरगावचे एक मोठे उपदेशक यायचे ठरले. झाड बाजूच्या भिंतीला होतं. पाहुण्यांना फळं दिसली पाहिजेत, म्हणून ते वेदीजवळ हलवायचं निघालं. बोलावलं कुणाला, हे सांगायला नको. चष्मेवाले बाजूला उभे राहून म्हणाले, "फळं सांभाळून हं, भाऊ."

कपाट उचलायचं ते अंगाशी धरून उचलायचं, हे कपाटाला झोपेतही कळत होतं. पण झाड अंगाशी धरलं तर फळं चुरगळतात. म्हणून त्यानं हात लांब करून ते अधांतरी धरलं, तसंच वळवलं, आणि पाठीत काहीतरी सटकलं. आयुष्यभर लोखंड वाहून जी पाठ वाकली नाही, ती कागदी फळांनी मोडली. झाड मात्र त्यानं पडू दिलं नाही. एकही फळ गळलं नाही.

डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधला आणि सांगितलं, जिना नाही, वजन नाही, यापुढं कधीच नाही. धंद्याचं कपाटाला फारसं वाटलं नाही. हाताखाली माणसं होती, ती सामान हलवतील. त्याला वाटलं ते एकच. रविवारी बाईंचं काय?

त्या आठवड्यात झाडाला बहर आला. कपाटभाऊंसाठी प्रार्थना केली. कपाटभाऊंना धीर दिला. कपाटभाऊंना फोन केला, लागला नाही. एवढं पीक त्या झाडानं आधी कधी पाहिलं नव्हतं.

पाळक घरी आले. कपाट जमिनीवर सतरंजीवर उताणा पडला होता. त्याची बायको शिवणकाम करायची. ती मशीनवर बसून कुणाचीतरी पँट आखूड करत होती. पाळकांनी प्रार्थना केली, ती कळकळीची होती, खोटं कशाला बोला. मग म्हणाले, "बाईंची काळजी करू नका. उपासना आता मोबाइलवर लावून देऊ. त्यांना घरबसल्या सगळं दिसेल."

"बाईंना विचारलंत?"

"कळवू ना."

मशीन थांबलं. "पाळकसाहेब," कपाटाची बायको म्हणाली, "देव मोबाइलवर भेटतो, तर तुम्ही कशाला दर रविवारी पायऱ्या चढता?"

पाळकांनी चहा संपवला आणि त्यांना दुसऱ्या एका आजाऱ्याची आठवण झाली. ते गेल्यावर कपाट छताकडं बघत म्हणाला, "बरं बोललीस. एकाला लाज नाही."

"तुम्ही फार फुगू नका. दांडे कुणी कापले?"

"कुणी धरतच नव्हतं."

"नळवाला धरत होता."

"तिरकं धरत होता."

"मग सरळ धरायला शिकवायचं. चार गड्यांना कपाट धरायला शिकवलंत ना? तुम्हाला धरणारे नकोच होते, अहो. बघणारे हवे होते. ते आले बिचारे दर रविवारी."

कपाटानं उशाचा फोन ओढला आणि नळवाल्याला लावला.

"तुझ्याकडं दोन जाड पाइप आहेत का? लांब?"

"आहेत. कुठं गळतंय?"

"चर्चमध्ये."

रविवारी बाई टॅक्सीनं आल्या. टॅक्सीवाल्यानं आणि कपाटाच्या बायकोनं त्यांना खुर्चीत बसवलं. नळवाल्यानं खुर्चीच्या हातांखालून दोन्ही पाइप घातले आणि कपाटानं सांगितलं तसे त्याच्याच ओझ्याच्या पट्ट्यानं आवळले. स्वतः कपाट काचेचं भांडं असल्यासारखा शेजारी उभा. धरायला माणसं हवी होती चार. होती दोन, नळवाला आणि बायको. मंडळी आजूबाजूनं वर चालली होती. सलाम बाई. लवकर बरे व्हा, कपाटभाऊ. प्रार्थनेत आहात हं. घंटा झाली, दार लागलं, वर गाणं सुरू झालं, नेहमीसारखं रेंगाळत.

बाईंनी क्षणभर ऐकलं. मग खुर्चीच्या हातावर टिचक्यांनी ताल धरला आणि खालून तेच गाणं उचललं, ज्या लयीत ते असायला हवं त्या लयीत. आवाज म्हातारा होता, पण पोचणारा होता. वर मागच्या बाकांवरची माणसं गोंधळली. लहानपणी धरलेले कान तो आवाज विसरले नव्हते. निम्मे बाईंबरोबर गेले, निम्मे पेटीबरोबर राहिले, आणि दुसऱ्या कडव्यात मंडळीच्या गाण्याचे दोन तुकडे झाले.

दार उघडलं. पाळक आणि चष्मेवाले खाली आले.

"बाई, वर गोंधळ होतोय," पाळक म्हणाले.

"तो नेहमीच होतो. आज कळला, इतकंच."

"मोबाइलवर तुम्हाला अगदी समोर बसल्यासारखं…"

"मोबाइलवर तुझं तोंड दिसेल रे. ते तर मी तुला दात नव्हते तेव्हापासून बघतेय. मला शेजारी माणूस लागतो. चुकीचं गाणारा का होईना. मला खाली ठेवायचं तर ठेव, पण मी गप्प बसायची नाही."

पाळकांनी पायऱ्यांकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, त्यांनी झग्याच्या बाह्या मागं सारल्या.

"मागचा उजवा तुमचा," कपाट म्हणाला. "झगा खोचा वर. चष्मेवाले, तुम्ही मागं डावीकडं."

"माझं मनगट जरा…"

"चष्म्याच्या काड्या सरळ करतं तेच ना? पुरेल."

पुढं नळवाला आणि कपाटाची बायको. कपाटानं बाजूनं हुकूम सोडले. "उचलायचं नाही अजून. आधी श्वास. पाठ नाही, गुडघे वाकवा. पाठ वाकवली की काय होतं ते माझ्याकडं बघा. आता. एकच पायरी. टेकवा. श्वास. परत."

निम्म्यावर चष्मेवाल्यांची बाजू खचली. बाई कलल्या. कपाटाचे दोन्ही हात आपोआप पुढं गेले.

"हात खिशात," बायको मागं न बघता म्हणाली.

कपाटानं हात खिशात घातले. आयुष्यात त्यानं पुष्कळ जड वस्तू पेलल्या, पण खिशातले ते हात दाबून ठेवण्याइतकं जड काही पेललं नव्हतं. चष्मेवाले लाल झाले, कण्हले, आणि त्यांनी आपली बाजू वर आणली. बाई पोचल्या आणि दाराशी बाकावर बसल्या.

वरून बाईंचा आवाज आला. "खाली एक राहिलाय."

"मी इथंच बसतो," कपाट म्हणाला. "ऐकू येतं."

चौघं रिकामी खुर्ची घेऊन खाली आले होते. "भाऊ, बसा," पाळक म्हणाले. घाम त्यांच्या हनुवटीवरून टपकत होता.

"मी जड आहे."

"कपाट आहेस, जड असणारच," नळवाला म्हणाला. "बस बाबा. तिरकं धरतो, पण धरतो."

तो बसला. खुर्ची जमिनीवरून सुटली तशा त्याच्या मुठी आवळल्या, मान ताठली. स्वतःला स्वतःच उचलता येईल का, हे तो अजून बघत होता.

"अंग सैल सोड," बाई दारातून म्हणाल्या. "ताठ झालास की जड होतोस."

मग त्यानं सोडलं. दोन्ही पाय लोंबते, हात मांडीवर, लहान मुलासारखा तो वर गेला. उपासनेला आलेली माणसं बघत होती. या वेळी कुणी 'काय ताकद' म्हणालं नाही.

उपासना संपल्यावर चष्मेवाल्यांनी सवयीनं एक कागदी फळ घेतलं, पेन उघडलं. हात इतका थरथरत होता की अक्षर उमटेना. त्यांनी फळ खिशात टाकलं. त्या झाडाचं तेवढं एकच फळ खरं पिकलं, आणि ते झाडावर नाही. वेलीला फळ धरतं तेव्हा फांदी त्यावर काही लिहीत बसत नाही. ती धरून राहते, वाकते, आणि दुसऱ्या फांदीवर टेकायला लाजत नाही.

उताराचा विषय कमिटीपुढं अजून आहे. शोभा अजून शाबूत आहे. म्हणून तुम्हालाच सांगतो. येत्या रविवारी आत जायच्या आधी पायऱ्यांशी थांबा. खाली कुणी बसलं असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना वर पोचल्यावर करा, त्याच्या शेजारी बसून. आधी एक दांडा धरा. आणि तुमचीच पाठ गेली असेल, तर हात खिशात घाला आणि मुकाट्यानं खुर्चीत बसा.