अकबरीआपाचे खाऱ्या पाण्यातले मासे

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत अकबरीआपाचं काचेचं दुकान होतं. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. ते तसबिरी मढवायचे, खिडक्यांना काचा बसवायचे. काच कापायची हिरकणी कशी धरायची, काचेवर एकदाच आणि न थांबता कशी ओढायची, हे अकबरी त्यांच्या शेजारी बसून फ्रॉकच्या वयातच शिकली. वडील गेले तेव्हा भावांना दुकान नको होतं. तिने किल्ली मागून घेतली.

माशांच्या टाक्या करायची कल्पना तिचीच. धुळ्यात घरोघरी टीव्ही आले आणि टीव्हीशेजारी काहीतरी शोभेचं हवं असं लोकांना वाटू लागलं. अकबरी टाक्या जोडायची, आणि टाकीबरोबर लाल-सोनेरी मासेही विकायची. तिचा नवरा जब्बार मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. मासे तोच आणायचा, केबिनमध्ये सीटमागे पिशव्या अडकवून.

एका खेपेला त्याने मासे घेतले त्या व्यापाऱ्याकडचं एक रंगीत कॅलेंडर आणलं. त्यावर समुद्रातला मासा होता. केशरी अंग, त्यावर पांढरेशुभ्र पट्टे, आणि डोळ्यांत असा भाव की आता काहीतरी खोडी काढणार. व्यापारी त्याला जोकर म्हणायचे.

"अजी, हा मला हवा," अकबरी म्हणाली.

"अगं, तो खाऱ्या पाण्यातला. धुळ्यात समुद्र कुठे आहे?"

"पाणीपण आणा. ट्रक आहे ना तुमच्याकडे!"

जब्बार हसला, पण पुढच्या खेपेला पाण्याचे कॅन घेऊनच आला. व्यापाऱ्याकडे ज्या पाण्यात ते मासे राहायचे, तेच पाणी. अकबरीने दुकानाच्या दर्शनी भागात मोठी टाकी मांडली, तळाला शंखशिंपले पसरले, दिवा लावला. मासे यायच्या आधीच अर्धी गल्ली नुसतं पाणी बघून गेली. शेजारी केळी विकणाऱ्या धुरपदाबाईने तर बोट बुडवून चाखलंसुद्धा, आणि थू थू करत सगळ्यांना हसवलं.

व्यापाऱ्याचं नाव तोताराम. त्याने निरोप दिला होता की नवा मासा एकदम मोठ्या टाकीत सोडायचा नाही. आधी काही दिवस वेगळा ठेवायचा, रोगबिग असला तर कळतो. आणि पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी हळूहळू मिसळून मगच त्याला बाहेर काढायचं. अकबरीने मागच्या खोलीत एक छोटी टाकी लावली. पहिले जोकर आले तेव्हा तिला जेवण सुचेना. पिशवीचं तोंड उघडून ती वाटी-वाटीने पाणी घालत बसली. मासे टाकीत गेले, कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागले, आणि सकाळी सगळे उताणे तरंगत होते.

अंगावर डाग नाही, जखम नाही. पंखसुद्धा फाटलेला नाही.

दुसऱ्या खेपेचंही तेच झालं. तोताराम म्हणाला, बाई घाई करत असतील. घाई! अकबरीने ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची नळी आणली. खिळ्याला टाकीतल्या पाण्याची बाटली टांगली आणि थेंब-थेंब पाणी पिशवीत पडेल असं केलं. आजारी माणसाजवळ बसावं तशी ती समोर बसून राहिली. ते मासे तर आधीच्यांपेक्षाही लवकर गेले.

मग तिने सगळं उलटंपालटं केलं. हवेचा पंप बदलला. खोलीतला रॉकेलचा स्टोव्ह अंगणात नेला. लोबान जाळणं बंद केलं. टाकी फोडून नव्या काचेची केली. तरी मासे मरतच होते. जब्बार म्हणायचा, ट्रकच्या दणक्यांनी मरत असतील. धुरपदाबाईचं ठाम मत वेगळंच होतं.

"तुना मासासले कोनी नजर लागनी, माय," असं म्हणून तिने टाकीवरून मिरच्या ओवाळून टाकल्या. अकबरीने तेही करू दिलं. मोठी टाकी तशीच उजळलेली आणि रिकामी. येणारा-जाणारा विचारायचा, "आपा, मासे कुठे गेले?"

"येतील," ती म्हणायची. जब्बार मात्र आता पिशव्या आणायला कुरकुरू लागला होता. "ही शेवटची खेप," असं तो बजावून गेला.

त्या खेपेला ट्रक भर दुपारी आला. गल्लीच्या तोंडाशी केबिनमधून जब्बार खाली उभ्या अकबरीच्या हातात एकेक पिशवी देत होता. तेवढ्यात मागून सायकलवाला आला, घंटी वाजवत, ब्रेक नसलेला. अकबरी बाजूला सरकली आणि तिच्या हातातली पिशवी धुरपदाबाईच्या हातगाडीला लागून फाटली. पाणी भसकन केळ्यांवर सांडलं. जोकर केळ्याच्या फणीवर फडफडू लागला.

"जित्ता शे व माय, जित्ता शे!" धुरपदाबाई ओरडली.

अकबरीने ओली ओढणी त्याच्यावर टाकली, तसाच उचलला आणि धावत सुटली. दुकानातलं गिऱ्हाईक ढकललं, स्टूल पाडलं, मागच्या खोलीत शिरली आणि मासा सरळ छोट्या टाकीत टाकला. ना वाटी, ना नळी. "हा तर गेलाच," ती स्वतःशी म्हणाली. मग बाकीच्या पिशव्या नीट टांगून तिने सलाईन सुरू केली, आणि संध्याकाळी ते मासेही त्याच टाकीत सोडले.

सकाळी तिने मागच्या खोलीचं दार उघडलं. सलाईनवाले सगळे उताणे. आणि त्यांच्यामधून, शेपटी हलवत, केळ्यांवर पडलेला तो जोकर फेऱ्या मारत होता! तिने कोळंबीचा कण टाकला. त्याने झडप घातली.

अकबरी जमिनीवरच बसली. टाकी तीच, पाणी तेच, पंप तोच. ट्रकचे दणके सगळ्यांनीच खाल्ले होते. फरक होता फक्त नळीचा.

"अजी! उठा! आपणच मारत होतो त्यांना! हळूहळू करून मारत होतो!"

झोपलेला जब्बार दचकून उठला. त्याला आधी काही कळेना, पण तिचा चेहरा बघून तो त्याच दिवशी ट्रकमध्ये माल भरून पुन्हा मासे आणायला निघाला.

पुढच्या खेपेला तिने बंद पिशव्या टाकीत नुसत्या तरंगवल्या. आतलं-बाहेरचं पाणी हाताला सारखं गार लागलं तशी एकेक पिशवी फोडली, मासा जाळीत घेतला आणि पिशवीतलं पाणी फेकून त्याला थेट टाकीत सोडलं. "अगं, तोतारामने सांगितलंय..." जब्बार म्हणेपर्यंत शेवटचा मासाही पाण्यात होता. सकाळी सगळे जिवंत. त्याच्या दुसऱ्या सकाळीही सगळे जिवंत.

मोठ्या टाकीत मासे सोडले त्या संध्याकाळी गल्लीतून सायकल जाईना. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे रुपचंद सरही आले होते. त्यांनी अकबरीला बारीकसारीक विचारून घेतलं.

"आपा, प्रवासात मासे पिशवीतच घाण करतात. पिशवी बंद असेपर्यंत ते विष बहुतेक निपचित राहत असेल. तोंड उघडून ताजं पाणी घातलं की उसळत असेल. पण हा माझा अंदाज. तपासल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही."

"मग तपासू या की, सर!" अकबरी म्हणाली. "फक्त मासे माझे मागू नका."

सगळे हसले, सर सगळ्यांत जास्त.

तिची कीर्ती जळगावपर्यंत गेली. तिथल्या एका सराफाने पेढीत खाऱ्या पाण्याची टाकी मागवली. टाकी आणि पाणी जब्बारने आधी पोचवलं. मासे घेऊन अकबरी एसटीने निघाली, पिशव्या मांडीवर, त्यांवर ओढणीची सावली. पारोळ्यापर्यंत गाडीतल्या प्रत्येकाने डोकावून घेतलं. कंडक्टर तर प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्यांना दटावू लागला, "बाईंना धक्का लावू नका, समुद्राचे मासे आहेत!"

पेढीत सराफाचं सगळं कुटुंब गोळा झालं होतं. पिशव्या तरंगून झाल्या, अकबरीने पहिलीचं तोंड फोडलं.

"सावकाश, आपा, सावकाश!" सराफ कळवळून म्हणाला.

"सावकाश नाही, शेठ," अकबरी म्हणाली, आणि जाळीतला जोकर पाण्यात उतरला. एक गिरकी घेऊन तो तडक काचेपाशी आला. सराफाच्या म्हाताऱ्या आईने टाळी वाजवली.